पॅकेज राहू दे, बेसिक सांगा

दुपारपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, सवडीनं वाचा.

नणंदेच्या पोराला पुण्यात नोकरी लागली, कॅम्पसमधनंच. घरात पेढे आले, स्टेटसला 'पॅकेज 4.2 लाख' पडलं, पोरगं मेहनती आहे, मला मनापासून आनंद झाला. मग आज ते ऑफर लेटर घेऊन आलं, 'मामी, तुम्ही पगाराचंच काम करता की, जरा बघा.' बघितलं. 4,20,000 म्हणजे महिन्याला 35,000, बरोबर? हातात येणार साधारण 23,600. बाकीचं कुठं गेलं ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. कंपनीनं भरायचा पीएफ पॅकेजमध्ये धरलाय, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, तीही धरलीय, मेडिक्लेमचा हप्ता, कँटीन, बस, सगळं धरलंय. वर्षाचे 42,000 व्हेरिएबल, ते मिळायचे की नाही हे मॅनेजरच्या रेटिंगवर. 25,000 रिटेन्शन बोनस, तो वर्ष भरल्यावर. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर कुणी चरवीचं वजन धरून दूध मोजलं असतं तर तिथल्या तिथं कॉलर धरली असती लोकांनी.

ग्रॅच्युइटीचं तर मला लईच लागलं. बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या, 4.81 टक्के, म्हणजे दरमहा 577 रुपये, पगार म्हणून दाखवलेत. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी मिळते ती पाच वर्षं भरल्यावर. हे पोरगं तीन वर्षांनी दुसरीकडं गेलं तर त्यातला एक रुपया हातात नाही. मग जो पैसा मिळेलच असं नाही तो पगार म्हणून सांगायचाच कशाला?

पण खरं डोकं फिरलं ते बेसिक बघून. 12,000. पस्तीसातले बारा. हे मी आमच्या घरात बघितलंय.

आण्णा, माझे वडील, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते, मोल्डिंगला, 31 वर्षं. उन्हाळ्यात भट्टीच्या बाजूला उभं राहणं काय असतं ते ज्यांच्या घरी कुणी फौंड्रीत आहे त्यांना सांगायला नको. दरवर्षी इन्क्रिमेंटचं पत्र यायचं आणि आई ते देवापुढं ठेवायची. पगार वाढायचा, खोटं कशाला बोलू, पण वाढ पडायची स्पेशल अलाउन्समध्ये, हजेरी भत्त्यात, धुलाई भत्त्यात, कन्व्हेयन्समध्ये. बेसिक जागचं हलायचं नाही. 2016 ला रिटायर झाले तेव्हा पगार 18,000 आणि बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 7,800. ग्रॅच्युइटी कशी काढतात? शेवटचं बेसिक-डीए भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. आले 1,39,500. तेच पूर्ण पगारावर धरलं असतं तर 3,21,000 च्या वर गेलं असतं. आण्णांनी चेक हातात धरून मला विचारलं, 'एवढीच बसते काय गं?' मी तेव्हा नुकतीच कामाला लागलेली, मलाच कागदावर करून दाखवायला लागलं की होय आण्णा, एवढीच बसते. तो कागद मी अजून ठेवलाय.

आणि हे आपोआप होत नाही हो. मी रोज सॅलरी शीट करते, मला माहितीय. पीएफ बेसिक-डीएवर, ग्रॅच्युइटी बेसिक-डीएवर, दिवाळीचा बोनस बेसिक-डीएवर, बहुतेक ठिकाणी रजेचे पैसे पण त्यावरच. त्यामुळं कुणीतरी एक्सेल उघडून बसतं आणि ठरवतं की एकूण आकडा मोठा दिसू दे पण बेसिकचा कॉलम बारीक ठेवा, मग दरवर्षी प्रत्येक माणसामागं कंपनीचे पैसे वाचत राहतात आणि माणसाला कळतं तेव्हा तो अठ्ठावन्नचा झालेला असतो. आण्णांना पेन्शन किती बसली माहितीय? महिन्याला अडीच हजाराच्या आसपास. कारण तीही त्याच आकड्यावर.

हां, हातात जास्त येतं म्हणून पोरांनाच कमी बेसिक हवं असतं, हे खरं आहे. आणि छोट्या फौंड्रीवाल्याची लाइटबिल आणि ऑर्डरीच्या मध्ये ओढाताण होते तेही मला दिसतं. एवढं मान्य. पण पुण्याची ही कंपनी काय छोटी फौंड्री नाही.

सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2019 मध्ये सांगितलंय की सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफच्या हिशोबात बेसिकमध्येच धरायचा, नाव काय पण द्या. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत, त्यात पण आहे की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्या कोडमधल्या कितीतरी गोष्टी मला पटत नाहीत, त्यावर वेगळं लिहीन, पण हे कलम आण्णांसारख्या माणसाच्या कामाचं आहे. आणि तरीपण ह्या पोराच्या कागदावर ग्रॅच्युइटी 12,000 वरच काढलेली! त्यानं एचआरला फोन केला तर उत्तर काय, 'सगळ्यांचं स्ट्रक्चर सेम आहे.' सगळ्यांचं सेम आहे म्हणून ते बरोबर होतं काय?

माझ्या लिस्टमध्ये एचआरवाले मित्रमैत्रिणी आहेत. तुमच्यावर राग नाही. नाही, थोडा आहे. तुम्हाला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं, वरून आलेला फॉरमॅट तुम्ही भरता हे मी समजू शकते, पण समोर बावीस वर्षांचं पोरगं पहिल्यांदा सही करतंय तेव्हा एवढं तरी सांगा की बाळा, हातात इतके येणार, हे इतके येतील की नाही सांगता येत नाही, आणि हे बेसिक कमी आहे त्याचा परिणाम तुला म्हातारपणी दिसेल. पाच मिनिटं लागतात.

आण्णा तक्रार करत नाहीत. सकाळी रंकाळ्यावर चक्कर मारतात, जुने फौंड्रीवाले भेटतात, घरी येऊन चहा. मी विषय काढला की म्हणतात, 'पोरी शिकल्या की त्या पगारावर, आणि काय पायजे.' त्यांनी असं म्हटलं की मला अजूनच राग येतो, त्यांच्यावर नाही, ज्यानं तो कॉलम बारीक ठेवला त्याच्यावर. ह्या माणसानं कधी खाडा केला नाही हो. हजेरी भत्ता दर महिन्याला पूर्ण मिळायचा त्यांना, आणि तोच भत्ता ग्रॅच्युइटीत धरला नाही.

भाच्याला मी मेल लिहून दिलाय. बेसिक वाढवून मिळेल का, नव्या कोडप्रमाणं वेतन किती धरलंय, व्हेरिएबल मागच्या बॅचला खरोखर किती मिळालं, आणि रिटेन्शन बोनस मिळाल्यावर सोडलं तर परत मागणार का. नणंद घाबरलीय, म्हणते नोकरी जाईल. प्रश्न विचारल्यानं ऑफर काढून घेत असतील तर तिथं जायचंच कशाला, असं मी तिला सांगितलंय, पण तिचा जीव वर-खाली होतोय, तेही बरोबरच आहे, आई आहे ती.

उत्तर आलं की कमेंटमध्ये टाकते. आणि तुमच्या कुणाच्या घरी नवीन ऑफर लेटर आलं असेल तर सही करायच्या आधी आकड्यांचं पान मला पाठवा, नाव आणि कंपनी खोडून. रात्री जेवणं झाली की बसून हिशोब करून देईन.