‘आमच्या वेळी नव्हतं हे डिप्रेशन’: एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

एक मेसेज सध्या प्रत्येक नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे, पण गाभा हाच: गिरणीत पाळ्या करणाऱ्या आपल्या वडिलांना कधी डिप्रेशन आलं नाही, आताच्या पोरांना एसीत बसून टेन्शन येतं, तास मोजणाऱ्यांची प्रगती होत नाही, मन खंबीर ठेवा, प्राणायाम करा, आणि कंपनी म्हणजे काही दवाखाना नव्हे. मी पुण्यात एका कंपनीच्या एचआरमध्ये काम करते. रजेचे अर्ज आणि राजीनामे माझ्या टेबलावरून जातात, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

आधी गिरणीचं बोलू. गिरणी कामगार निमूटपणे राबत होते हे चित्रच चुकीचं आहे. १८८४ साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेपर्यंत हातात. झगडत झगडत १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. पुढे १९४६ मध्ये कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्या पिढ्यांनी तास मोजले, त्यासाठी भांडल्या, म्हणून आपल्याला आज आठवड्याची सुट्टी मागावी लागत नाही.

आणि ‘त्यांना काही झालं नाही’ हे कोणी ठरवलं? पगाराच्या संध्याकाळी गुत्त्यावर थांबणारे, घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडणारे, ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून गावी पाठवून दिलेले लोक चाळीत होतेच. माणूस गावी गेला की विषय संपायचा. सोसायचं ते बायकोने आणि पोरांनी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारानुसार, साधारण ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ही आजची स्थिती असेल, तर तेव्हा किती जणांची नोंदच झाली नसेल याचा विचार करा.

आता एसीचा मुद्दा. खोली थंड आहे की गरम, याचा इथे फारसा संबंध नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की कामाचा रेटा मोठा आणि ते काम कसं, कधी करायचं यावर आपला ताबा कमी, असं झालं की माणूस सर्वाधिक खचतो. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर वर्षानुवर्षं झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांतही तेच आढळलं. सगळे टेबलावर बसणारे, कायम नोकरीवाले. तरी हृदयविकार खालच्या पदांवर जास्त होता, आणि कामावर ताबा नसणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

माझ्यासमोर राजीनामा घेऊन बसलेला एक मुलगा आठवतो. सपोर्ट टीममधला, हुशार, कष्टाळू. त्याचं रोस्टर, म्हणजे आठवड्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक, रविवारी रात्री यायचं. सोमवारी सकाळची पाळी की रात्रीची, हे तोवर कळायचं नाही. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं असायचं, आणि कोणत्या दिवशी आपण नेऊ शकतो हे त्याला बहिणीला सांगता यायचं नाही. त्याच्या आधीच्या रजा मी काढून पाहिल्या. प्रत्येक अर्जात कारण एकच: व्हायरल ताप. त्याला झोप लागत नव्हती, बसमध्ये छाती धडधडायची, पण तसं लिहायची सोय नव्हती, कारण अर्ज आधी मॅनेजरच्या स्क्रीनवर उघडतो. या मुलाला कोणी नाजूक म्हटलं की मला राग येतो. रोस्टर पंधरा दिवस आधी लावलं असतं तर तो आज कदाचित आमच्याकडेच असता. त्यासाठी एक एक्सेल शीट लागते आणि मॅनेजरची तयारी.

तासांचा मुद्दा गाजला तो २०२३ मध्ये, ‘इन्फोसिस’चे संस्थापक नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं तेव्हा. जानेवारी २०२५ मध्ये ‘एल अँड टी’च्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा संयुक्त अभ्यास मात्र उलट सांगतो: आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. आपल्याकडच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही रोज बारा तास टेबलाला खिळणाऱ्यांच्या मानसिक अवस्थेबद्दल काळजी नोंदवली आहे.

‘पण काम थांबेल त्याचं काय?’ मुंबई पोलिसांपेक्षा अत्यावश्यक काम कोणतं? तिथेही २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना तिथल्याच एका कर्मचाऱ्याची, आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पोलिसांना पाळ्या बदलून बघता येतात, तर सॉफ्टवेअर कंपनीला का येऊ नयेत?

प्राणायामाबद्दल मला आदर आहे, मी स्वतः करते. पण कामाचा बोजा तसाच ठेवून वर मेडिटेशनचं ॲप दिलं, तर फरक पडतो का? ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २३३ ब्रिटिश संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. २०२४ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, माइंडफुलनेस (सजग ध्यान), रेझिलियन्स ट्रेनिंग (ताण झेलायचं प्रशिक्षण) किंवा ॲप वापरणारे लोक न वापरणाऱ्यांपेक्षा बरे नव्हते. समाजसेवेची संधी मिळालेले तेवढे थोडे सुखी दिसले. दरवर्षी १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचं वेबिनार लावताना मला हा अभ्यास आठवतो. ते वेबिनारही आम्ही जेवणाच्या सुट्टीत ठेवतो, हे बदलायलाच हवं.

उरला दवाखान्याचा मुद्दा. कंपनीने उपचार करावेत असं कोणीच म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कामाची रचना बदलणं, व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणं, आणि आजारपणानंतर परतणाऱ्याला हळूहळू रुळू देणं यांवर भर आहे. ही सगळी कंपनीचीच कामं आहेत. ज्याला आज, आत्ता बोलायची गरज आहे त्याच्यासाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही.

पैशाचं म्हणाल तर, मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांवर घातलं आहे. मात्र कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी घेतात त्या बऱ्याच ग्रुप पॉलिसींत खर्च मिळतो तो रुग्णालयात दाखल झाल्यावरच, आणि समुपदेशन किंवा मानसोपचारतज्ज्ञाची फी तर भरती न होता लागते. तुमच्या कंपनीची पॉलिसी नूतनीकरणाला येईल तेव्हा एचआरला ईमेलवर विचारा: मानसिक आजाराची ओपीडी, म्हणजे भरती न होता घेतलेले उपचार, यात आहे का, नसेल तर घालायला किती खर्च येतो? एका टीममधून चार-पाच जणांनी विचारलं की आम्हाला तो प्रश्न वर न्यावाच लागतो.