युवा समन्वय कार्यालय हवंच, पण ते क्रीडा संकुलात नको

प्रत्येक जिल्ह्यात युवकांच्या योजनांसाठी एक समन्वय कार्यालय असावं, या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. आज युवा महोत्सव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना कौशल्य विकास विभागाकडे, रोजगार निर्मितीची कर्जप्रकरणं जिल्हा उद्योग केंद्राकडे, राष्ट्रीय सेवा योजना विद्यापीठाकडे आणि केंद्राचं ‘माय भारत’ हे युवकांसाठीचं व्यासपीठ आणखी वेगळं. वयाची अटही एक नाही. माय भारतला 15 ते 29, कार्य प्रशिक्षणाला 18 ते 35. म्हणजे 31 वर्षांचा मुलगा एका दारात युवक, दुसऱ्या दारात नाही.

प्रश्न आहे तो कार्यालय बसवायचं कुठे. क्रीडा संकुलात, क्रीडा कार्यालयाला जोडलं तर ते नावापुरतंच उरेल. बरोबरीच्या अधिकाऱ्याने बोलावलेल्या बैठकीला इतर खाती लिपिक पाठवतात, तो टिपणं घेऊन जातो, निर्णय काहीच होत नाही. कार्यालय जिल्हाधिकारी कार्यालयात, नियोजन शाखेला लागून ठेवा. जिल्ह्याच्या विकासनिधीचं नियोजन करणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिव जिल्हाधिकारीच. त्यांच्या सहीची नोटीस गेली आणि विषयपत्रिकेवर पुढच्या वर्षाचा निधी असला, की खातेप्रमुख स्वतः येतात.

शासन निर्णयात पूर्णवेळ अधिकारी, स्वतंत्र लेखाशीर्ष (म्हणजे खर्चाचं स्वतःचं खातं) आणि आहरण-संवितरणाचे (पैसे काढण्याचे आणि देण्याचे) अधिकार स्पष्ट लिहिलेले हवेत. ‘अतिरिक्त कार्यभार’ हा शब्द आला की फाईल आठवड्यातून एकदाच उघडते. लेखाशीर्ष नसलं तर मंडपाच्या बिलासाठीसुद्धा दुसऱ्या खात्याच्या दारात उभं राहावं लागतं.

पहिले तीन महिने एकही कार्यक्रम घेऊ नये, फक्त सगळ्या खात्यांचं मिळून एक वेळापत्रक करावं. बीडसारख्या जिल्ह्यात हे फार महत्त्वाचं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. डिसेंबरात शिबिर लावलं तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तीच मुलं कारखान्याच्या फडात असतात. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, जून-जुलैत पेरणी. हे सगळं वजा करून उरतात ते आठवडे आधी रंगवून घ्या. नाहीतर निधी पडून राहतो आणि मार्चअखेर खर्ची टाकण्यासाठी एकाच आठवड्यात चार मेळावे होतात, समोर तीच कॉलेजची मुलं बसवून.

त्यानंतर सगळ्या योजनांतल्या युवकांची मिळून एकच नोंदवही. याद्या जुळवताना नावावर विसंबू नका. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी, तिसरीत लग्नानंतरचं. नुसता मोबाईल नंबरही पुरत नाही, कारण दोन भावांत एकच फोन असतो. नंबर आणि जन्मतारीख मिळून ओळख धरली तर दुबार नावं बरीचशी गळतात. हे काम उन्हाळी इंटर्नवर सोपवू नये, त्यासाठी कायमचा डेटा ऑपरेटर द्यावा.

आणि हजेरीपटावर सहीच्या पुढे अजून एक रकाना आत्ताच आखून ठेवा, सहा महिन्यांनी करायच्या फोनचा: काम लागलं का, टिकलं का, सुटलं असेल तर कशामुळे.