चेन-ऑइलरमध्ये काळे ऑइल भरावे का? एका सल्ल्याचा प्रतिवाद

मोटारसायकलला चेन-ऑइलर, म्हणजे चालत्या चेनवर थेंब थेंब तेल सोडणारे उपकरण, बसवणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फिरतो आहे. ऑइलरसाठी विकले जाणारे खास तेल विनाकारण महाग असते, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनातून निघालेले काळे ऑइल फडक्यातून गाळून ऑइलरच्या टाकीत भरावे. ते फुकट मिळते, दाट असते, ओ-रिंगला (चेनच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांना) अपाय करत नाही आणि गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे हेच वापरतात, असे त्यात म्हटले आहे. खास तेलावाचून अडत नाही, एवढे मला मान्य आहे. बाकीचे दावे मात्र टिकत नाहीत.

पहिला दावा गाळण्याचा. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच तेल पुरते. त्यामुळे काढलेल्या तेलात काजळीबरोबरच गिअरच्या दातांचे धातूचे कण आणि क्लच प्लेटच्या अस्तराची भुकटीही असते. त्यांतले बहुतेक कण इतके बारीक असतात की सुती फडके त्यांना अडवू शकत नाही. ते चेनच्या रोलर (फिरत्या नळ्या) आणि बुश (त्यांच्या आतल्या स्थिर नळ्या) यांमध्ये शिरून घासत राहतात, आणि थेंब सोडणाऱ्या अरुंद नळीत हळूहळू गाळ धरतात.

दुसरा दावा दाटपणाचा, आणि ऑइलरच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. ऑइलर विकतचा असो की सलाइनच्या नळीवरचे चक्र वापरून घरी केलेला, मिनिटाला किती थेंब पडतील हे तेलाच्या दाटपणावर ठरते. वापरलेले तेल कधी न जळलेले पेट्रोल मिसळून पातळ झालेले असते, तर कधी उष्णतेने आणि काजळीने दाट झालेले असते, म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने बसवलेले माप पुढच्या भरणीला चुकते. थेंब कमी पडले तर चेन कोरडी राहते. जास्त पडले तर तेल मागच्या टायरवर उडते, आणि वळणावर ते थेट जिवावर बेतू शकते. स्कॉटलंडमधील स्कॉटऑइलर ही कंपनी नेहमीच्या हवेसाठी निळे आणि उष्ण हवेसाठी लाल अशी दोन तेले विकते, ती याच कारणासाठी.

‘गिअर ऑइल ९० फार घट्ट असते, त्यापेक्षा इंजिन ऑइल बरे’ असेही याच ओघात सांगितले जाते. मात्र गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांचे एसएई आकडे (तेलाच्या दाटपणाची प्रमाणित प्रतवारी) वेगवेगळ्या मापपट्ट्यांवरचे आहेत. १०० अंश सेल्सिअसला एसएई ९० गिअर ऑइलची श्यानता, म्हणजे मोजलेला दाटपणा, साधारण १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असते, तर एसएई ४० इंजिन ऑइलची १२.५ ते १६.३. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखीच. त्यामुळे गिअर ऑइल ९० किंवा डब्यात उरलेले कोरे २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल, यांपैकी काहीही चालेल. फक्त थंडीच्या पहाटे प्रवाह मंदावतो, तेव्हा माप पुन्हा पाहावे.

ओ-रिंगबद्दलचा दावा अर्धवट आहे. ओ-रिंग चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामधले ग्रीस कारखान्यातच बंद केलेले असते. बाहेरचे तेल रोलर व स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चाके) यांसाठी, गंज टाळण्यासाठी आणि रिंगांचे रबर मऊ ठेवण्यासाठी लागते. होंडाच्या अनेक पुस्तिकांत चेनसाठी एसएई ८० किंवा ९० गिअर ऑइल सांगितलेले आहे, तेव्हा खात्रीचा स्वस्त पर्याय असताना आम्लता वाढलेले तेल रबरावर सोडण्याचे कारण उरत नाही. गॅरेजमधला अनुभवही यामुळेच फसवा ठरतो: आतले ग्रीस शाबूत असल्याने चेन चालत राहते, आणि झीज रोलरवर व स्प्रॉकेटच्या दातांवर सावकाश होत असल्याने तिचा दोष तेलाला कोणी देत नाही.

आता खर्च. मिनिटाला एक थेंब आणि ताशी सरासरी ५० किलोमीटर वेग धरला, तर १,००० किलोमीटरला १,२०० थेंब लागतात, म्हणजे फार तर ६० मिलिलिटर. गिअर ऑइल लिटरला ४०० रुपये धरले तरी हा खर्च २४ रुपये होतो. एवढ्या बचतीसाठी पूर्ण चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) पणाला लावणे मला अजिबात पटत नाही.

शिवाय ऑइलरमधला प्रत्येक थेंब शेवटी रस्त्यावर आणि तिथून मातीत जातो. वापरलेल्या इंजिन ऑइलात कर्करोगकारक पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन साठलेले असतात, आणि भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. ते गॅरेजच्या पिंपात जमा करावे, म्हणजे पुनर्प्रक्रियेसाठी जाऊ शकते.