बोलणारा एक, काच फुटते दुसऱ्याचीच

स्टँडअप कॉमेडियन कुणाल कामराच्या विडंबनावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो राडा झाला तो मार्च २०२५ मधला, पण अजूनही मधूनच कुणीतरी काहीतरी फॉरवर्ड करतं आणि परत सगळे चालू होतात. ज्यांनी ते बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, एका हिंदी गाण्याच्या चालीवर त्याने ठाणे, रिक्षा, दाढी, चष्मा असं सगळं गुंफून एकनाथ शिंदेंना त्यांचं नाव न घेता गद्दार म्हटलं होतं. आता आमचं घर पाचपाखाडीत, म्हणजे शिंदेंच्याच मतदारसंघात, त्यामुळे हा विषय आमच्यासाठी टीव्हीवरचा नाही तर गल्लीतला आहे. काकूच्या ऑपरेशनच्या वेळी शाखेतली माणसं रात्री धावून आली होती, त्यामुळे काका भडकला तर मला नवल वाटलं नाही. नेरूळचा मामेभाऊ म्हणाला कॉमेडी आहे यार, सोडा. आणि मी काही टाईप केलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "तुला काय जातंय गं तिकडे बसून बोलायला!"

खरंच काही जात नाही. मी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहते, माझ्या दारात कोण येणार आहे.

पण ह्या वाक्याचा दुसरा भाग बाबांनी मला फोनवर सांगितला, अगदी शांतपणे, की बाळा तू लिहिशील तिकडे पण नाक्यावर रिक्षाला मला उभं राहायचंय, सोसायटीच्या पाण्याच्या कामासाठी नगरसेवकाकडे मलाच जायचंय. म्हणजे बोलणार मी आणि भोगणार ते. आणि मग मी आपल्याकडची गाजलेली प्रकरणं आठवत बसले तर जवळपास सगळीकडे हेच दिसायला लागलं.

२०१२ घ्या. नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती, आणि पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद कशासाठी, दुसरीने ती पोस्ट लाईक केली, दोघींना अटक. पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा २०१४ मध्ये झाला. अटकेचं सगळ्यांना आठवतं, पण त्या मुलीच्या काकांचं हॉस्पिटल जमावाने फोडलं हे किती जणांना आठवतं? त्या काकांनी काही लिहिलं नव्हतं, काही लाईकही केलं नव्हतं. पुढे ज्या आयटी कायद्याच्या कलम ६६अ खाली ऑनलाईन लिहिण्यावरून अशा अटका व्हायच्या त्याविरुद्ध याचिका झाली, मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं, आपण टाळ्या वाजवल्या (आणि नंतरही कित्येक वर्षं पोलीस त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टालाच त्याचा धक्का बसला, ते जाऊ दे). कलम गेलं, पण दगड मारायची सवय काही कलमाने आली नव्हती त्यामुळे ती कलमाबरोबर गेलीही नाही.

कामराच्या वेळी तेच. गाणं त्याने म्हटलं, तो मुंबईत नव्हताच, आणि फुटला कोण तर जिथे तो कार्यक्रम शूट झाला तो खारचा हॅबिटॅट स्टुडिओ. त्यांनी बिचाऱ्यांनी जाहीर केलं की ह्या व्हिडिओशी आमचा काही संबंध नाही, आणि आम्ही जागाच बंद करतोय. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन हजर, अतिक्रमण म्हणे. असेल अतिक्रमण, मुंबईत कुठे नसतं, पण ते नेमकं त्याच सकाळी दिसावं? सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्येच सांगितलं होतं की पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस द्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ठाण्यात वाढलेल्या माणसाला हे कळायला पुस्तकं लागत नाहीत खरंतर. २६ ऑगस्ट २००१ ला आनंद दिघे गेले तेव्हा ज्या सिंघानिया हॉस्पिटलमध्ये ते होते तेच हॉस्पिटल पेटवलं गेलं. ते टीकेचं प्रकरण नव्हतं, दुःखाचं होतं, आणि दिघेंवर लोकांचं खरंच प्रेम होतं, आमच्या आजीने त्या दिवशी चूल पेटवली नव्हती. पण त्या हॉस्पिटलात दुसरेही पेशंट होतेच ना. राग असो की प्रेम, बिल तिसऱ्याच्याच नावावर फाटतं.

आता इथलं सांगते, कारण ग्रुपवर काही जणांचा समज आहे की युरोपात कुणीही कुणालाही काहीही बोलू शकतं. साफ चूक. जर्मनीत साधा अपमान करणं हासुद्धा फौजदारी गुन्हा आहे, आणि राजकारण्यांच्या अपमानासाठी वेगळं कलम आहे, १८८ नंबरचं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. २०१९ मध्ये वॉल्टर ल्युबके नावाच्या नेत्याला एका अतिउजव्या माणसाने घरासमोर गोळी घातली, त्यानंतर ऑनलाईन धमक्या आणि शिव्यांबद्दल इथे खूप चर्चा झाली आणि २०२१ मध्ये हे कलम अजून कडक केलं. हेतू चांगलाच होता. पण झालं काय, तर त्याच वर्षी हॅम्बर्गच्या गृहमंत्र्याला ट्विटरवर कुणीतरी एक चावट शब्द वापरला म्हणून सकाळी सहाला पोलीस घरी झडतीला. लोक एवढे हसले की शहरभर त्या शब्दाचे स्टिकर लागले, एका भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं, पोलिसांनी रंग मारला, परत लिहिलं, परत रंग. शेवटी कोर्टाने झडती बेकायदा ठरवली. २०२४ मध्ये बव्हेरियातल्या एका निवृत्त माणसाने शाम्पूच्या जाहिरातीची नक्कल करून ग्रीन पक्षाचे तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री हाबेक ह्यांना बिनडोक ठरवणारं चित्र शेअर केलं, तर त्याच्याही घरी झडती, आणि तक्रारीवर मंत्रीमहोदयांची स्वतःची सही. माझ्या ऑफिसातला एक सहकारी ग्रीन पक्षाचा पक्का मतदार, तोसुद्धा म्हणाला की ही आमच्या माणसाने लाज आणली.

तर कायदा बघितला तर इथला कडकच आहे. मग फरक काय? मला जो दिसतो तो एवढाच की इथे जे काही होतं ते बोलणाऱ्यालाच होतं. त्या माणसाच्या मेहुण्याचं दुकान कुणी फोडलं नाही, नगरपालिकेला त्याची बाल्कनी अचानक बेकायदा दिसली नाही. झडती वाईटच होती, पण तो कोर्टात गेला तर समोर कोण आहे हे त्याला माहीत होतं. जमावासमोर तुम्ही कुठे अपील करणार?

दुसरा फरक दरवर्षी डोळ्यांनी बघते. ड्युसेलडॉर्फला कार्निव्हलच्या सोमवारी मोठी मिरवणूक निघते, आणि त्यात जाक टिली नावाचा कलाकार कागदाच्या लगद्याचे प्रचंड पुतळे करतो, मर्केल असोत, ट्रम्प असोत, पुतिन असोत, कॅथलिक चर्चसुद्धा सुटत नाही. काय करणार आहेत हे त्या सकाळपर्यंत गुप्त ठेवतात. काही रथ इतके बोचरे असतात की मला वाटतं आता काहीतरी होणार, पण लोक पोरांना खांद्यावर घेऊन चॉकलेटं वेचत असतात. आपल्याकडेही हे होतंच की. शिमग्याला आगरी-कोळी वाड्यांत काय काय बोंबललं जातं ते सांगायला नको, तमाशाच्या वगात राजाची टर उडवल्याशिवाय लोक तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणत नाहीत, गणपतीच्या देखाव्यांत महागाईपासून पक्षांतरापर्यंत सगळं येतं. पण २०२२ मध्ये कल्याणच्या विजय तरुण मंडळाने शिवसेनेतल्या फुटीवर देखावा केला तर पोलिसांनी चतुर्थीच्या पहाटे तो जप्त करून नेला. टिलीचे रथ जिथून निघतात तिथेही पोलीस असतात, पण ते गर्दी आवरायला.

काका म्हणतो हे सगळं शिंदेंवर ढकलू नकोस. नाहीच ढकलत, सगळ्यांची पाळी येऊन गेलीय. २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होते आणि कानाखाली वाजवण्याच्या भाषेवरून केंद्रीय मंत्री असलेल्या नारायण राणेंना कोकणात अटक झाली. २०२२ मध्ये त्याच सरकारच्या काळात अभिनेत्री केतकी चितळेने शरद पवारांवरची दुसऱ्या कुणाचीतरी कविता शेअर केली म्हणून तिला कळंबोलीतून ठाणे पोलिसांनी उचललं, बाहेर शाई आणि अंडी तयारच होती, राज्यभर वीसेक गुन्हे दाखल झाले आणि बाई चाळीसेक दिवस आत. ती कविता मला किळसवाणी वाटली होती, म्हाताऱ्या माणसाच्या शरीरावरून बोलायचं म्हणजे काय दर्जा आहे, पण किळस वाटली की मी अनफॉलो करते, तुरुंग कशाला? आणि आता हे शेजारी ठेवून बघा, हॅबिटॅट फोडणाऱ्या शिंदेंच्या शिवसेनेच्या पदाधिकाऱ्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही झाला. शब्दाला चाळीस दिवस, तोडफोडीला एक दिवससुद्धा नाही. आमच्या ग्रुपवर तर केतकीच्या वेळी अभिव्यक्तीच्या नावाने गळा काढणारे कामराच्या वेळी मर्यादा शिकवायला लागले, आणि उलटंही झालं, नावं घेत नाही, दिवाळीला भेटायचंय सगळ्यांना.

एक गंमत म्हणजे बाळासाहेब स्वतः व्यंगचित्रकार. १९६० ला मार्मिक काढलं तेच मुळी कुंचल्याने मोठ्यांची सालटी काढायला. आणि त्याच्याही मागे गेलं तर १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांवर लिहिलं म्हणून टिळक आणि आगरकर बदनामीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. म्हणजे मराठी पत्रकारितेतली आपली दोन सगळ्यात मोठी नावं एका बड्या माणसावर टीका करण्यावरूनच पहिल्यांदा जेलात गेली. बदनामी हा फौजदारी गुन्हा आजही आहे, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये तो कायम ठेवला, नव्या न्यायसंहितेत नंबर बदलून ३५६ झाला इतकंच.

आम्हा परदेशातल्यांनी फार शहाणपणा करू नये हेही खरं. इथल्या महाराष्ट्र मंडळात लोक राजकारणावर तावातावाने बोलतात, पण त्यातले जर्मन नागरिकत्व घेतलेले कितीतरी जण नावानिशी काही लिहीत नाहीत कारण ओसीआय कार्डाची, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डाची, भीती. सरकारवर टीका करणाऱ्या स्वीडनमधल्या अशोक स्वाईन ह्या प्राध्यापकांचं कार्ड रद्द केलं होतं, दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये तो आदेश मोडीत काढला कारण त्यात धड कारणच दिलं नव्हतं. पण कार्ड गेलं तर आईबापाला बघायला कसं यायचं हा प्रश्न प्रत्येकाच्या डोक्यात असतोच. इथेही परत तेच, दंड होणार तो म्हाताऱ्या आईबापाला.

थोडी आशा वाटावी असंही घडलंय. २८ मार्च २०२५ ला, म्हणजे कामराला मद्रास हायकोर्टाने तात्पुरता दिलासा दिला त्याच दिवशी, काँग्रेस खासदार इम्रान प्रतापगढींच्या कवितेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याबद्दलचे तीन ते सात वर्षं शिक्षेचे जे गुन्हे आहेत त्यात पोलिसांनी लगेच एफआयआर न करता आधी प्राथमिक चौकशी करावी, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसावर काय होईल ते बघावं, ज्याला कशानेही असुरक्षित वाटतं त्याच्यावर नाही. लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक, आपल्या ठाण्याचे. बाबांनी हे मात्र स्वतःहून ग्रुपवर टाकलं, अभिमानाने.

पण तो निकाल पोलिसांना सांगतो, जमावाला नाही. जमावाचा हिशोब वेगळ्या पद्धतीने लागू शकतो आणि आपल्याकडे तो एकदा लागलाय. २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई हायकोर्टाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप दोघांनाही वीस-वीस लाख भरायला लावले होते. भाषणाची मर्यादा कुठे ह्यावर आपण जन्मभर भांडू, पण फुटलेल्या काचेची किंमत काढायला पंचनामा पुरतो, ती फोडणाऱ्याच्या पक्षाकडून वसूल करा ना. पालघरच्या त्या हॉस्पिटलसाठी किंवा खारच्या स्टुडिओसाठी असा दावा लावायला कुणीतरी पुढे यायला हवं, फक्त जो येईल त्याचंही दुकान कुठल्यातरी नाक्यावरच असणार.