जेनचं चारित्र्य कसं तपासावं

गेल्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर 'जेन एअर' ही इंग्रजी कादंबरी झाली. झाली म्हणजे शोकसभा होते तशी. दोन तास, वीस-बावीस माणसं, बटाटेवडे आणि मधल्या मध्ये लेखिका शार्लट ब्राँटे. त्या दोन तासांत मला जे ज्ञान मिळालं ते एकटीने पचवणं कठीण आहे, म्हणून तुमच्या ताटात वाढते. आज ना उद्या तुमच्याही कट्ट्यावर ही कादंबरी येणारच.

पहिली गोष्ट म्हणजे, कादंबरी वाचून जाऊ नका. वाचलेला माणूस चाचरतो. 'तसं नाहीये हो, सत्ताविसाव्या प्रकरणात बघा' असं काहीतरी पुटपुटतो आणि लोक मोबाइल काढतात. सिनेमा पुरे. तोही मध्यंतरापर्यंत.

सुरुवात 'त्या काळात' या शब्दांनी करावी. पुस्तक १८४७ साली आलं हे सांगू नये, उगाच चर्चेला मर्यादा पडतात.

मग चारित्र्याकडे वळा. इथे व्याकरणाचा एक नियम पक्का लक्षात ठेवा: चारित्र्य हे नाम नपुंसकलिंगी असलं तरी ते लागतं फक्त बाईला. पुरुषाला स्वभाव असतो. जेन ज्याच्या घरी नोकरीला असते तो रोचेस्टर आपल्या वेड्या बायकोला, बर्थाला, तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवतो, तिच्याबद्दल चकार शब्द न काढता अठरा-एकोणीस वर्षांच्या गव्हर्नेसला, म्हणजे घरात राहून मुलीला शिकवणाऱ्या जेनला, चर्चमध्ये उभी करतो, आणि लग्न लागता लागता वकील पुढे येऊन सांगतो की यांची पहिली बायको जिवंत आहे. हा झाला स्वभाव. जिप्सी म्हातारीचं सोंग घेऊन तो तिच्या मनातलं काढून घ्यायला बसतो. खट्याळ स्वभाव. ब्लांश इन्ग्रम या बड्या घरच्या सुंदरीशी लग्न करणार असल्याचा देखावा करून तो जेनला जाळत राहतो. प्रेमळ स्वभाव, बोलून दाखवता येत नाही बिचाऱ्याला. आणि हे सगळं उघडकीला आल्यावर ती पहाटे घर सोडते. आता मात्र चारित्र्याचा प्रश्न उभा राहिला! आमच्याकडे तो चाळीस मिनिटं उभा होता.

'घटस्फोट घ्यायला काय झालं होतं त्याला?' हा प्रश्न अवश्य विचारा. १८५७ पूर्वी इंग्लंडात पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर त्यासाठी संसदेत स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागायचा, आणि जोडीदाराचं वेड हे कारण कायद्यात १९३७ साली आलं, असं कुणी सांगायला लागलं तर चहा आल्याचं जाहीर करा.

बर्थाबद्दल बोलू नका. वेळ पुरत नाही.

भारताचा उल्लेख आला की खुर्चीत जरा सरसावून बसा. घर सोडल्यावर जेनला आसरा देणारा पाद्री सेंट जॉन मिशनरी म्हणून इकडे यायला निघालेला असतो, जेनला हिंदुस्थानी भाषा शिकायला लावतो, लग्नाची मागणी घालतो. देखणा, निष्कलंक, देवभीरू, एकदम स्थळ. 'जेन धार्मिक होती म्हणून रोचेस्टरला सोडून गेली' असं तुम्ही पाच मिनिटांपूर्वी सांगितलेलं असेल, तर याच धार्मिक मुलीने या पाद्र्याला 'बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही' असं का सुनावलं, याचा विचार करू नका. डोकं दुखतं.

आता मुख्य प्रश्न. ती गेली का? यावर 'लोक काय म्हणतील म्हणून' हे उत्तर तयार ठेवा. आमच्या कट्ट्यावरचे एक ज्येष्ठ काका हातातली बशी खाली ठेवून म्हणाले, 'शेवटी लोकलज्जा हो. इंग्लंड काय, आपण काय, संस्कार इथून तिथून सारखेच.' टाळ्या पडल्या. मी तोंड उघडलं तर ते म्हणाले, 'ताई, तुमचं नंतर घेऊ.' नंतर आभारप्रदर्शन झालं.

कुठले लोक, काका? तिला आहे कोण? रोचेस्टर स्वतः तिला हेच ऐकवतो. तुला ना नातेवाईक ना ओळखीपाळखीचे, माझ्याजवळ राहिलीस तर दुखावणार कोण? भूमध्य समुद्राकाठी पांढरंशुभ्र घर द्यायला निघालाय तो. आणि तिला ते पटत आलेलं असतं! तिचं मनही तिला विचारतं, जगात तुझी पर्वा आहे कुणाला? ती म्हणते, मला आहे. जितकी एकटी, जितकी निराधार, तितका मी माझा मान जास्त राखीन. लोकलज्जेची वाट लेखिकेने आधीच बांध घालून बंद केलीय. बघायला कुणी नाही, बोलायला कुणी नाही, आता ही काय करते ते बघा म्हणते ती. आणि तुम्ही तोच बांध फोडून पलीकडे जाऊन टाळ्या घेता.

त्याच बैठकीत तो आपल्या जुन्या बायांचा पाढा वाचतो. सेलीन, जियासिंटा, क्लारा. वर म्हणतो की रखेल ठेवणं हे गुलाम विकत घेण्याच्या खालोखाल वाईट. रडत असतानासुद्धा या पोरीचं डोकं चालू असतं. ती हिशोब मांडते की आज मी होकार दिला तर एक दिवस माझं नावही याच सुरात घेतलं जाईल. इतकं स्वच्छ दिसतं तिला. आणि आपण तिला 'घाबरट' म्हणून मोकळे! हो, तोही शब्द आला रविवारी.

घाबरट पोरगी निघाली तेव्हा वर्षाला तीस पौंड पगार असलेली नोकरी सुटली होती. त्याने हट्टाने दिलेली मोत्यांची माळ तिने तिथेच ठेवली, माझी नाही म्हणून. थैलीत होते वीस शिलिंग, ते गाडीभाड्यात गेले. दोन दिवसांनी उजाड माळावरच्या चौरस्त्यावर उतरली तर गाठोडं गाडीतच राहिलं. गळ्यातला रुमाल घे, हातमोजे घे, पण एक पाव दे, म्हणून दुकानदारणीपुढे उभी राहिली, तीही नको म्हणाली. शेवटी एका झोपडीच्या दारात एक मुलगी डुकराच्या कुंडात गार लापशी ओतत होती, ती तिने मागून घेतली. आतून त्या मुलीची आई म्हणाली, भिकारीण असेल तर दे, डुकराला नकोच आहे. घट्ट झालेला तो गोळा हातावर घेऊन तिने खाल्ला. यावर आमच्याकडे प्रतिक्रिया आली, 'हे जरा ताणलंय.' वडा खाता खाता.

१८४८ च्या डिसेंबरात एलिझाबेथ रिग्बी नावाच्या बाईंनी 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या इंग्रजी नियतकालिकात या कादंबरीला ख्रिस्तीधर्मविरोधी ठरवून झोडपलं होतं. मला त्यांचं एक अक्षर पटत नाही. पण बाईंनी पुस्तक वाचलेलं होतं, ते तरी कबूल करायला हवं.

द्या ना शिव्या जेनला, खुशाल द्या. घराला आग लावून बर्था छतावरून उडी टाकून मेल्यावरच परतीचा रस्ता मोकळा होतो, हे मलाही फार सोयीचं वाटतं. वीस हजार पौंडांचा वारसा ऐन वेळेला टपकतो, त्यावर भांडा. ते पैसे ती चौघांत सारखे वाटते, त्यावर भांडा. मी येते भांडायला, डबा घेऊन येते. पण न वाचता एखाद्या मुलीचं चारित्र्य काढायला बसता, आणि तेही कागदावरच्या, जिला उलट उत्तर देता येत नाही, याची जराही लाज वाटत नाही? गल्लीतल्या पोरींबद्दल बोलता तेव्हा तरी कुठे काही वाचलेलं असतं म्हणा.

पुढच्या महिन्यात शार्लटच्या बहिणीची, एमिलीची कादंबरी ठरलीय. काल रात्री काकांचा मेसेज आला, 'ताई, स्टोरी थोडक्यात टाकाल का ग्रुपवर?' टाकणार नाही. वाचनालयात दोन प्रती आहेत, जिना चढा.