आठ घाण्यांचं सोपं जेवण

बुधवारचा रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. हे लॉकडाऊनमध्ये ठरलं आणि नंतर रद्द करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि आपण विषय काढावा तर मंगळवारही गळ्यात पडायचा म्हणून मीही गप्प. आजवर माझा बुधवार म्हणजे मुगाची खिचडी, पापड, ताक. पण परवा लेक दारातूनच म्हणाली, "आज बुधवार ना? वासावरून कळतं मला." साधंच वाक्य, पण लागलं.

त्याच रात्री मोबाईलवर एक बाई दिसल्या, तिखट वॉफल, वीस मिनिटांत डिनर तयार. बाईंच्या ओट्यावर एक बाउल आणि वॉफल मेकर सोडून काही नव्हतं, लायटर नाही, पक्कड नाही, धुवायचं भांडं तर नाहीच, आणि तिथेच खरं तर मला शंका यायला हवी होती.

वॉफल मेकर, म्हणजे दोन खळगेदार तव्यांमध्ये पीठ दाबून भाजायचा विजेचा साचा, आमच्याकडे होता. घोडबंदर रोडच्या या घराच्या वास्तुशांतीला बायकोच्या दुबईच्या मावसभावाने दिलेला. तीन वर्षं माळ्यावर पडून. मध्ये दोनदा दुसऱ्यांच्या वास्तुशांतीला खपवायचा प्रयत्न केला, पण दोन्ही ठिकाणी मावसभाऊ हजर.

तर बुधवारी घणसोलीहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून ठाणे, तिथून बस, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये बस जिथे उभी राहते तिथे ती उभी राहिली, आणि घरात पाऊल टाकलं तेव्हा सव्वाआठ. पीठ तयारच होतं, रविवारच्या इडलीचं उरलेलं, बुधवारपर्यंत चांगलंच वयात आलेलं. त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, किसलेलं गाजर, चीज आणि आधीच मीठ घालून ठेवलं. ही चूक. मिठाने कांद्याला आणि गाजराला पाणी सुटलं आणि मी कपडे बदलून येईपर्यंत पिठाचं सार झालं. मग दोन मुठी रवा घातला.

आता मशीन लावायचं तर प्लगच्या पिना चौकोनी, दुबईच्या. आमची भोकं गोल. ॲडॅप्टर शोधण्यात वीस मिनिटं गेली, म्हणजे बाईंचं डिनर इथेच झालं असतं. सापडला तो इतका ढिला की त्याला खालून साखरेच्या डब्याचा टेकू द्यावा लागला, आणि नंतर चहा प्यायचाय म्हणून आईने तो डबा उचलला तेव्हा काय झालं ते सांगत नाही.

मशीनला दोन दिवे, लाल आणि हिरवा. हिरवा लागला म्हणजे पीठ ओता की वॉफल खा? मी ओतलं, तर हिरवा गेला. मग आला, परत गेला. नंतर डोक्यात प्रकाश पडला की तो बिचारा फक्त तवा तापलाय की नाही एवढंच सांगत होता, वॉफलचं त्याला काही देणंघेणं नव्हतं.

कडेने वाफ भसाभस येत होती. मला इडलीच्या कुकरची सवय, झाकण उघडून सुरी खुपसून बघायची. उघडलं. चर्रर्र आवाज झाला आणि वॉफल मधोमध फाटलं, अर्धं वरच्या जबड्यात, अर्धं खालच्या, आणि दोघांच्या मध्ये चीजच्या तारा लोंबतायत. आतलं पाणी वाफ होऊन निघतंय तोवर ते शिजतच असतं, वाफ मंदावली की मग उघडायचं, हे मी रेसिपीत वाचलं होतं. नंतर.

पहिला घाणा बांबूच्या काडीने कोरून काढला. दुसरा पण चिकटला. तोवर हॉलमधून आई, सिरीयलवरची नजर न हलवता, "मोहन घातलंस का रे?"

मोहन! इडलीच्या पिठात तेल नसतं, आणि तेल नाही म्हटल्यावर ते त्या खळग्यांना सोडणार कशाला. "अगं मग आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "तू इंग्रजी पदार्थ करतोयस ना, मला काय कळतं त्यातलं." कढल्यात दोन पळ्या तेल कडकडीत तापवून पिठात ओतलं, साच्यालाही ब्रशने तेल लावलं, आणि तिसरं वॉफल असं सुटलं की मी एकटाच ओट्याशी "वा!" म्हणालो. बाहेरून तांबूस, चार पाकळ्या, एकेक चौकोन रेखीव.

पण हिशोब बघा. मशीनमध्ये एका वेळी एकच गोल. माणसं चार, माणशी दोन, म्हणजे आठ घाणे, आणि एका घाण्याला सहा मिनिटं. सगळ्यांनी एकत्र जेवायचं हा आमच्या घरचा नियम म्हणून मी झालेली वॉफल चपात्यांच्या डब्यात झाकून ठेवत गेलो. पाचव्याला डबा उघडला तर आपल्याच वाफेने सगळी रुमालासारखी मऊ पडलेली. मग पापड भाजायची जाळी काढून त्यावर पसरली, मशीनमध्ये परत शेकली आणि नियम मोडला. ज्याला मिळेल त्याने खावं. ट्रान्सहार्बरसारखं, एक गेली की पुढचीची वाट बघायची.

आता सहा मिनिटं उभं राहून माणूस काय करणार, मोबाईल बघणार. तर कळलं की अमेरिकेत 24 ऑगस्टला वॉफल दिन असतो, कारण 1869 साली त्या दिवशी कुणा कॉर्नेलियस स्वार्टवाउटने वॉफलच्या साच्यात सुधारणा करून पेटंट घेतलं होतं. आणि बिल बॉवरमन म्हणून धावपटूंचे कोच, नायकीच्या दोन संस्थापकांपैकी एक, त्यांनी 1971 मध्ये बुटाचा तळ बनवायला बायकोच्या वॉफल मेकरमध्ये रबरासारखं रसायन ओतलं. बायकोचा तो लग्नातला आहेर. आत न चिकटायचं काही लावायला साहेब विसरले आणि मशीन कायमचं मिटलं. म्हणजे मोहन विसरणारा मी पहिला नाही. फरक एवढाच की त्यांच्याकडून पुढे बूट झाला.

नवाच्या पुढे बायको आली. तिने पर्स खांद्यावर तशीच ठेवून एक पाकळी तोडली, म्हणाली, "छान आहे की, जाळीचं धिरडं." लेकीने मेयोनीज ओतलं. आईने मात्र लिंबाच्या लोणच्याचा खार घेतला आणि चमच्याने एकेका चौकोनात थेंब थेंब सोडत बसली, एकही खळगा चुकू दिला नाही, आमच्या रस्त्याचे खड्डे कुणी एवढ्या मन लावून भरले असते तर मी सव्वाआठला नाही, साडेसातला घरी आलो असतो. मग म्हणाली, "धिरड्यावर खार ओघळतो. हे बरंय."

आठवा घाणा दहा वाजता मी ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. खरं सांगतो, चवीला उत्तम होता.

राहिलं मशीन. नॉनस्टिक म्हणून घासणी लावायची नाही, पाण्यात बुडवायचं नाही, आणि खळग्याखळग्यात जळका कांदा. दमलेलो, बाथरूमचा दिवाही न लावता मगमधला जुना टूथब्रश उचलला, वीस मिनिटं एकेक कोपरा घासला, ब्रश धुवून सवयीने परत मगमध्ये ठेवला आणि झोपलो.

सकाळी सव्वासहाला बेसिनपाशी लेक उभी.

"बाबा, आज गुरुवार आहे ना?"

"हो, का गं?"

"मग माझ्या ब्रशला बुधवारचा वास का येतोय?"