नोटीस आली म्हणून डोमेन सोडू नका

गेल्या आठवड्यात कळव्याहून मामीचा फोन आला. "ती आपली वेबसाइट बंद करून टाक रे. त्या मोठ्या कंपनीचं नाव आणि आपलं आडनाव एकच आहे. या वयात तुरुंगाची भानगड नको." कंपनीकडून काही आलंय का, असं मी विचारलं. काहीच आलेलं नव्हतं. नोटीस नाही, ईमेल नाही. बचत गटाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता, तेवढाच. दोन दिवसांत तोच फॉरवर्ड ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि नंतर ठाण्यात नौपाड्यातल्या एका दुकानदारानेही मला पाठवला. छोट्या दुकानांच्या वेबसाइट सांभाळणं हेच माझं काम आहे, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्डमध्ये काय म्हटलंय ते थोडक्यात सांगतो. जिओहॉटस्टारचं डोमेन (म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता) घेणाऱ्या मुलाला तुरुंगात टाकलं. नव्या आयटी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन ठेवणं हा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद. नोटीस आली की सात दिवसांत डोमेन सोडून द्या. कंपनीने ट्रेडमार्क घेतला की ते नाव सगळीकडे तिचंच. सामान्य माणूस कंपनीपुढे आजवर एकदाही जिंकलेला नाही. आणि शेवटी एक मोबाइल नंबर: पैसे भरा, 'डोमेन सुरक्षा प्रमाणपत्र' घ्या.

सगळ्यात घातक मुद्दा 'सात दिवसांत सोडून द्या' हा आहे. लिहिणाऱ्याला डोमेन सोडणं म्हणजे काय हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही त्याला फिकीर नाही. मामी उन्हाळ्यात मालवणी मसाला कांडून घेते आणि पाव किलोच्या पाकिटांत विकते. पाकिटावर एफएसएसएआय नंबरच्या खाली वेबसाइटचा पत्ता छापलेला आहे, शेजारी क्यूआर कोड. हे लेबलांचे रोल एकदा छापले की वर्षभर पुरतात. डोमेन सोडलं, नूतनीकरण केलं नाही, तर ते हवेत विरून जात नाही. डॉटकॉम असेल तर आधी नूतनीकरणासाठी थोडे जादा दिवस मिळतात, मग ३० दिवस जबर दंड भरून परत घेता येतं, त्यानंतर ५ दिवसांत ते सगळ्या जगासाठी मोकळं होतं. अशी मोकळी होणारी नावं टिपायलाच लोक बसलेले असतात, त्यासाठी खास सेवा चालतात. म्हणजे ज्या कंपनीच्या भीतीने आपण नाव सोडलं, तिच्याकडे ते जाईलच असं नाही. कुणा भलत्याकडे जाईल. मामीच्या पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्या गिऱ्हाईकापुढे जुगाराचं पान उघडेल, आणि पाकिटावर नाव मात्र मामीचं असेल.

ईमेलचं तर त्याहून वाईट. ऑर्डर घ्यायचा पत्ता त्याच डोमेनवर असला, तर नव्या मालकाला तोच पत्ता पुन्हा उघडता येतो. मग जुन्या गिऱ्हाइकांची पत्रं त्याच्याकडे जातात. जिथे जिथे आपण हा ईमेल दिला होता, तिथल्या 'पासवर्ड विसरलात?' या पत्रांचंही तेच. ग्रुपवर बसून लोकांना असा सल्ला देणाऱ्याला याची जाण हवी होती. दिवाळीच्या तोंडावर एखाद्या बाईने खरंच घाबरून डोमेन सोडलं असतं, तर तिच्या धंद्याचं नुकसान कोण भरून देणार होतं?

आता सात दिवसांचं. वकिलाची नोटीस हे त्या वकिलाच्या अशिलाचं म्हणणं असतं. तो कोर्टाचा हुकूम नसतो. त्यात लिहिलेली मुदत त्यांनीच ठरवलेली असते आणि केवळ त्या पत्रावरून रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) तुमचं डोमेन दुसऱ्याच्या नावावर करत नाही. कंपनीला ते हवं असेल तर तिला एक तर कोर्टात जावं लागतं, नाहीतर डोमेनच्या वादांसाठी ठरवून दिलेल्या पद्धतीने तक्रार करावी लागते. डॉटकॉमसाठी ही पद्धत डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या जागतिक संस्थेने १९९९ साली घालून दिली, तिला यूडीआरपी म्हणतात. डॉट इनसाठी आपल्याकडे ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची तशीच पद्धत आहे, तिथे लवाद नेमतात.

यूडीआरपीचा मजकूर इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी त्यातलं एक कलम वाचलं असतं तरी पुरे होतं. तक्रार करणाऱ्याला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि तिन्हीच्या तिन्ही. डोमेन त्याच्या ट्रेडमार्कसारखं किंवा गोंधळ उडेल इतकं जवळचं आहे. डोमेन घेणाऱ्याचा त्या नावावर कोणताही रास्त हक्क नाही. आणि ते वाईट हेतूने घेतलं व वापरलंही गेलं. नाव सारखं आहे एवढ्याने पहिलीच पायरी गाठली जाते. मामीचं आडनाव लग्नानंतर गेली कित्येक वर्षं तेच आहे, त्याच नावाने ती मसाला विकते, पाकिटावर तेच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर कंपनी काय दाखवणार?

उत्तर द्यायला २० दिवस मिळतात. असे वाद सोडवणाऱ्या वायपो या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे तक्रार करायला कंपनीला किमान १५०० डॉलर भरावे लागतात. उत्तर देणाऱ्याला काही भरावं लागत नाही, त्याने स्वतःहून तीन जणांचं मंडळ मागितलं तरच त्याच्यावर निम्मा खर्च येतो. दरम्यान डोमेन दुसऱ्याकडे हलवता येत नाही, पण वेबसाइट चालू राहते. आणि निकाल अगदी विरुद्ध गेला तरी डोमेन जातं किंवा रद्द होतं, बस्स. दंड नाही, नुकसानभरपाई नाही, कैद तर नाहीच. त्यानंतरही कोर्टात जायला कामाचे १० दिवस असतात.

'सामान्य माणूस एकदाही जिंकलेला नाही.' कॅनडात व्हँकुव्हरला ए. आर. मणी नावाचे गृहस्थ होते. आद्याक्षरं आणि आडनाव जोडून त्यांनी अरमानी डॉटकॉम घेतलं होतं. इटलीच्या अरमानी फॅशन कंपनीने वायपोकडे तक्रार केली. २००१ साली ती फेटाळली गेली, कारण ते त्या माणसाचं स्वतःचं नाव होतं. आडनावापायी रात्री झोप न लागणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

अमेरिकेतले उझी निसान यांनी आपल्या आडनावाने १९९४ साली डोमेन घेतलं होतं, संगणकाच्या धंद्यासाठी. निसान मोटरने १९९९ च्या अखेरीस त्यांच्यावर दावा ठोकला. डोमेन शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. पण कबूल करायला हवं की त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागलं आणि मोटारींच्या जाहिराती त्या साइटवर लावायला कोर्टाने मनाई केली. मोठ्या कंपनीशी लढणं माणसाला थकवतं, हे फॉरवर्डवाल्याचं म्हणणं मला नाकारता येत नाही. यूडीआरपीच्या बहुतेक निकालांत तक्रारदार जिंकतो हेही खरं. पण त्यातले कितीतरी प्रतिवादी उत्तरच देत नाहीत, आणि कितीतरी जणांनी दुसऱ्याचं नाव विकायलाच घेतलेलं असतं.

जिओहॉटस्टारची गोष्ट नेमकी तशी होती. दिल्लीच्या एका डेव्हलपरने जिओ आणि हॉटस्टार एकत्र येतील असा अंदाज बांधून ते नाव आधीच घेतलं. २०२४ मध्ये त्याने त्याच वेबसाइटवर पत्र लिहून कंपनीकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. पुढे डोमेन दुबईच्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला द्यायची तयारी दाखवली. तुरुंगाचा यात कुठेही संबंध नाही. दुसऱ्याचं नाव ओळखून ते आधी अडवून ठेवणं आणि स्वतःच्या नावाने मसाला विकणं यांना एका मापात मोजायचं कारण नाही.

आयटी कायद्याचं दोन वाक्यांत सांगतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात किंवा त्याच्या २००८ च्या दुरुस्तीत डोमेनचं नाव मिळतंजुळतं असणं हा गुन्हा नाही. बँकेच्या नावाची खोटी साइट काढून लोकांना लुबाडलं तर गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

ट्रेडमार्कबाबत फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे, तेही सांगतो. डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मान्य केलं. त्याआधी १९९९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ या वेबसाइटच्या बाजूने निकाल देऊन 'रॅडिफ' वापरणाऱ्याला रोखलं होतं. फार नावाजलेल्या ट्रेडमार्कला वेगळ्या मालाच्या बाबतीतही संरक्षण मिळतं. पण 'नाव सगळीकडे तिचंच' हे खोटं. ट्रेडमार्क वर्गवार नोंदवला जातो, एकूण ४५ वर्ग आहेत, मसाले ३० मध्ये आणि लोणची २९ मध्ये. आणि १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३५ सांगतं की माणूस प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरत असेल तर ट्रेडमार्कवाल्याला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. कलम ३४ आधीपासून नाव वापरणाऱ्याला जपतं. कलम १४२ तर निराधार धमक्या देणाऱ्यावरच दावा करायची सोय देतं.

'डोमेन सुरक्षा प्रमाणपत्र' नावाची कायदेशीर चीज अस्तित्वात नाही. त्या नंबरवर पैसे पाठवू नका.

खरोखर नोटीस आलीच तर ती केराच्या टोपलीत टाकू नका आणि घाबरून फोनही करू नका. वकिलाला दाखवा, लेखी उत्तर द्या. 'पाच लाख द्या, डोमेन घ्या' असं चुकूनही लिहू नका, कारण ट्रेडमार्कवाल्याला विकण्यासाठीच नाव घेतलं हा वाईट हेतूचा पुरावा म्हणून यूडीआरपीतच नमूद आहे. गुमास्ता, उद्यम नोंदणी, एफएसएसएआय परवाना, जुनी बिलं, दुकानाच्या पाटीचे फोटो एका फाइलमध्ये लावून ठेवा. आणि आजच्या आज एक गोष्ट तपासा: तुमचं डोमेन तुमच्या नावावर आहे की वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या? ठाण्यातल्या ज्या दुकानदाराने मला हा फॉरवर्ड पाठवला, त्याचं डोमेन त्याच्या जुन्या वेबसाइटवाल्याच्या नावावर निघालं, आणि तो माणूस आता फोन उचलत नाही. कंपनीच्या नोटिशीपेक्षा त्याला धोका तिथून आहे. त्याची कागदपत्रं रजिस्ट्रारकडे पाठवायचं काम आम्ही सोमवारी सुरू केलंय.